सोलायला ये, जमलं तर

फिलू, तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा आज सकाळी झाली. दुपारपासून मी वही घेऊन बसले आहे. तू गेलीस त्या दिवशी केलेल्या यादीत चौदा कामं होती, त्यांतल्या तेरांवर काट मारली. शाळेतून तुझी छत्री आणि खडूंचा डबा आणला. शेजारच्या आळीतून बाकं आणली, मोजून परत केली. तुझ्या लेकीला, मार्थाला, दोन्ही वेळ पानावर बसवलं. ती जेवली नाही, पण यादीत 'बसवणे' एवढंच लिहिलं होतं.

चौदावं काम मात्र या यादीतलं नव्हेच. दर वर्षी नवी वही घेतली की जुन्या वहीतली राहिलेली कामं मी पुढे उतरवते, हे तुला ठाऊक आहे. सात वर्षं एक ओळ अशी पुढे पुढे येते आहे: फिलूला खरं सांगणे.

तू जिवंत असताना आपल्या दोघींच्या मध्ये एक कूड होता आणि कुडाला भलंमोठं भोक होतं. तिथून मीठ गेलं, विरजण गेलं, तुझ्या मार्थाची पाटी गेली, माझी मांजर तर रोज जायची. ही एक ओळ तेवढी गेली नाही.

पण क्रमाने सांगते, नाहीतर तू म्हणशील की रेजीन म्हातारी झाली.

आपली सुरुवात केळ्यांनी झाली. मी लग्न होऊन या आळीत आले ते लढाईचे दिवस होते. साखर रेशनवर, आणि लोक चहाबरोबर सुकेळं चावून गोडाची हौस भागवत होते. त्यामुळे घराघरात वाळवायच्या राजेळी केळ्यांची अढी लागलेली. आमच्या माहेरी भातशेती, मला यातलं काही येत नव्हतं. सासूबाईंनी एका वाक्यात शिकवलं: "अढीतली केळी एकाच दिवशी पिकतात, आणि ऊन चढायच्या आत सगळी सोललेली लागतात." म्हणजे पहिलं पूर्ण ऊन त्यांना मिळतं. उशीर झाला तर ती काळी पडतात, चिकट होतात, मग वाळूनही त्यांना कोणी हात लावत नाही. एका घराचे हात त्याला पुरत नाहीत. म्हणून आदल्या दिवशी आळीत बोलावणं जायचं, आणि बोलावल्याशिवाय कोणी जायचं नाही. न बोलावता सोलायला जाणं म्हणजे दुसऱ्याच्या बागेत हात घालणं.

मी पहिल्यांदा पाटावर बसले आणि समोरच्या पाटावर तू होतीस. बोटांना खडू लागलेला, शाळेला जायची घाई, आणि तोंड चालू. मी खाली मान घालून सोलत होते. तू म्हणालीस, "काय गो नवरी, केळं सोलतेस की त्याची वेणी घालतेस?"

सगळं अंगण हसलं. पण माझी टोपली तुझ्या आधी भरली, आणि मी ती उचलून तुझ्यासमोर ठेवली. तू टोपलीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "पुढच्या मंगळवारी माझ्याकडे आहे. सोलायला ये, जमलं तर."

तेव्हापासून आपल्या दोघींचं बोलावणं हेच. बाकी आळीला आपण रीतसर बोलवायचो, पानसुपारीला बोलवावं तसं. एकमेकींना मात्र कुडाच्या भोकातून, आणि शेवटी 'जमलं तर' घातल्याशिवाय नाही.

मी वहीत दोन रकाने आखले. एक तुझा, एक माझा. नियम लिहिले: सुरी लावायची नाही. वरचे धागे राहिले तर केळं बाद. मोडलं तर बाद. हा शेवटचा नियम तू कधी पाळला नाहीस, कारण तू मोडलेलं केळं खाऊन टाकायचीस आणि पुरावाच उरायचा नाही. एकदा तर तीन खाल्लीस. मी म्हटलं, "ती तीन तुझ्यातून वजा." तू म्हणालीस, "उलट मिळव. सोलल्याशिवाय खाल्ली का मी?" हा वाद आपण तुझ्या मार्थाच्या बारशापासून तिच्या मॅट्रिकपर्यंत घातला. माझ्या वहीत त्या दिवसापुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.

आणि मग तो शब्द.

तू शाळेतून आलीस तीच इंग्रजी शब्दकोश काखेत मारून. त्या कोशाचा कणा मोडलेला, वरून तांदळाच्या गोणीचं कापड शिवलेलं. कुडाशी उभी राहून म्हणालीस, "रेजीन, आपल्या दोघींचं इंग्रजीत एक क्रियापद आहे. तीन अक्षरांचं. व्ही-आय-ई, व्हाय."

"म्हणजे काय?"

"चढाओढ करणं. एकमेकींच्या वर जायला बघणं. आज वर्गात आलं, म्हणून मूळ शोधलं." तू बोट ठेवून वाचायला लागलीस. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला. तिथे पत्त्यांच्या खेळात डाव चढवणारा समोरच्याला म्हणायचा, मी एवढं लावतो, आता तू ये. आणि त्याच्याही मागे लॅटिन शब्द, इन्व्हितारे. त्याचा अर्थ बोलावणं.

मी म्हटलं, "जेवायला बोलावतात. हरवायला कोण बोलावतं?"

"तू. मला. दर वर्षी."

"ते केळी सोलायला."

"हो का? मग मला बोलावताना 'जमलं तर' कशाला म्हणतेस?"

मी आपल्या शब्दाची बाजू घेतली. म्हटलं, "आपला चढाओढ काय वाईट आहे? एक चढते, दुसरी ओढते. चित्र डोळ्यांसमोर उभं राहतं."

तू म्हणालीस, "म्हणूनच आपल्या आळीत वर कोणी राहत नाही."

तुला ते मूळ पटलं होतं आणि मला नाही. माझं म्हणणं साधं होतं: चढाओढीत शेवटी कोण जिंकलं ते महत्त्वाचं, नाहीतर रकाने कशाला आखायचे? तुझं म्हणणं, जिंकणं-हरणं केळ्याच्या सालीसारखं, फेकून द्यायचं. आत आहे ते बोलावणं. "ज्याला आपण आपल्या तोडीचं मानत नाही, त्याला कोणी बोलावत नाही गो. जग एकट्यानं पळत सुटलेल्या माणसाला वेडा म्हणतं."

माझा कोशावर विश्वास नव्हता, कारण त्याची मधली काही पानं गळालेली होती. म्हणून सणाच्या संध्याकाळी तू मला ओढत फादरांकडे नेलंस. फादर ओट्यावर बसून पुरुषांचे पत्ते बघत होते. ते स्वतः खेळत नसत, पण कोणाच्या हातात काय आहे हे त्यांच्या भुवयांवरून कळे. चिंचोके लावून डाव चालला होता. तू विचारलंस, "फादर, इन्व्हितारे म्हणजे काय?"

"बोलावणे," फादर म्हणाले. "माझ्या रोजच्या प्रार्थनेच्या पुस्तकात पहाटेचं पहिलं स्तोत्र आहे ना, त्याला बोलावण्याचंच स्तोत्र म्हणतात. या, आपण गाऊ या, अशी त्याची सुरुवात."

नेमकं त्याच वेळी माझ्या नवऱ्याने, पास्कूने, मूठभर चिंचोके पुढे सरकवले आणि समोरच्याला बोटांनी खुणावलं, "ये, ये ना, ये."

तू मला कोपर मारलंस. अजून दुखतं.

आता ती ओळ.

स्वातंत्र्यानंतरचं दहावं वर्ष. आमच्या बागेत त्या साली केळी अशी आली की लोंगर टेकू देऊनही वाकत होते. माझी अढी नेहमीच्या दुप्पट. मी नीट बेत केला. कोण पहाटे येणार, कोण मिस्सेनंतर, कोणाला कुठल्या पाटावर बसवायचं, कोण भांडतं म्हणून कोणाशेजारी कोणाला नाही बसवायचं. वीस-बावीस नावं, दोन रकान्यांत. आणि बोलावण्याच्या दिवशी मला टोपल्या आणायला वसईच्या बाजारात जावं लागलं. मी यादी पास्कूच्या हातात दिली आणि सांगितलं, घरोघरी जाऊन ये.

पास्कूला तू ओळखतेस. यादीत मीठ लिहिलं नसेल तर घरात मीठ येत नाही. तो प्रत्येक नावाच्या दारात गेला, बोलावणं केलं, नावापुढे खूण केली, आणि येऊन यादी खुंटीला लावली.

तुझं नाव त्यात नव्हतं.

हेच ते खरं, फिलू. पास्कू विसरला नाही. मी लिहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर बसले आणि समोरचा पाट रिकामा. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तरी रिकामा. सगळी आळी तुझ्या दारावरून माझ्या अंगणात आली होती, आणि तू हात धुऊन ओट्यावर बसली होतीस, हे मला नंतर कळलं. मला तेव्हा वाटलं, तुला उशीर झाला. मग वाटलं, मुद्दाम करतेस. आणि कोणीतरी विचारलं, "आज फिलूबाय कुठे?" तेव्हा मी, माझ्या या तोंडाने, म्हणाले, "घाबरली असेल. एवढी केळी बघितली असतील."

सगळे हसले. मला चांगलं वाटलं, तेही लिहून ठेवते.

केळी मांडवावर पसरून झाली तेव्हा मी खुंटीवरची यादी काढली आणि काट मारायला बसले. सगळी नावं संपली. मी ती पालथी करून मागे पाहिलं. तिथे काही नव्हतं.

त्याच क्षणी मी कुडाशी यायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी आले. तोवर माझा विनोद तुझ्यापर्यंत तिखटमीठ लावून पोचला होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून काय निघालं? "अगो, पास्कूला सांगितलं होतं तुझं. तो विसरला बघ."

तू म्हणालीस, "बरं."

एवढंच. तू, जी एका शब्दाचं मूळ सांगायला अर्धा तास घेतेस, ती 'बरं' म्हणून आत गेलीस.

नंतर अख्खं वर्ष कुडाचं भोक बंद. तुझ्या बाजूने कोणीतरी माडाची झावळी लावली. मांजर आधी गोंधळली, मग वरून उडी मारायला शिकली. अर्नाळ्याची कोळीण यायची, ती एरवी मधल्या वाटेवर उभी राहून एकदाच हाक द्यायची. आता तिला दोन दारांत दोनदा ओरडावं लागे. एक दिवस तिने टोपली माझ्या ओट्यावर आदळली. "तुमचं भांडन मिटवा गो बाय. मावरं एकच, नी गला दोन येला फोरायचा?"

मी पास्कूला सांगितलं होतं की मी त्याच्यावर ढकललं. तो विडी ओढत म्हणाला, "ढकललंस ते ढकललंस. पण जाऊन खरं सांग तिला." मी 'फिलूला खरं सांगणे' असं वहीत लिहिलं. लिहिलं की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं, हा माझा जुना रोग.

आणि वर्ष फिरलं, तुझी अढी लागली. मी तुझ्या बाजूला न बघता कपडे वाळत घालत होते. झावळी बाजूला झाली. तुझं नाक दिसलं, चष्मा दिसला.

"उद्या सोलायला ये," तू म्हणालीस. थांबलीस. "जमलं तर."

मी आले. हरले. तू माझ्या वहीत स्वतःच्या हाताने खूण केलीस, आणि आम्ही घरी निघताना पास्कूला हाक मारलीस, "काय विसरूशेठ, यंदा बायकोला घेऊन जायला तरी विसरला नाहीत?" तेव्हापासून तो आळीचा विसरूशेठ झाला. मुलं विसरूकाका म्हणायला लागली. ज्याला गेल्या वीस वर्षांत एक लिंबू विसरलेलं मला आठवत नाही, त्याने हे नाव सहा वर्षं मुकाट्याने वापरलं. तो हसायचा, मी वही मिटायचे.

किती वेळा सांगणार होते मी. तुझ्याबरोबर माणिकपूरला मार्थासाठी कापड घ्यायला गेले तेव्हा टांग्यात सुरुवातही केली. तू म्हणालीस, "थांब, आधी माझं ऐक," आणि मग स्टेशन आलं. खरं तर मला सांगायचं नव्हतं. विसरले असं कबूल करणं कठीण नव्हतं. तुला विसरले, हे कबूल करणं कठीण होतं.

आता गेल्या मंगळवारचं. तू अढी घातलीस, पेंढ्याने दडपलीस, आणि कमरेवर हात ठेवून कुडाशी आलीस. खोकत होतीस. मी म्हटलं, काढा घे. तू म्हणालीस, "सोमवारी निघतील. सोलायला ये, जमलं तर." मी म्हटलं, "आधी तू उभी राहा धड." हे आपलं शेवटचं बोलणं. गुरुवारी तू गेलीस. मला शेवटचं बोलणं यापेक्षा चांगलं सुचलं नसतं, आणि मी ते आधी लिहून काढलं असतं तर नक्कीच बिघडवलं असतं.

पण केळी मयतासाठी थांबत नाहीत. रविवारी दुपारी मी तुझ्या घरी गेले तर घरभर तो गोड वास. मार्था अढीशेजारी बसली होती.

"पिकली मावशी," ती म्हणाली. "उद्या काढायला हवीत. पण कोणाला बोलवू कशी? घरात दुखवटा. महिन्याची मिस्सा होईपर्यंत या दारातून बोलावणं निघायचं नाही."

"आणि बोलावल्याशिवाय कोणी येणार नाही."

"नाही येणार. आई असती तर तीही गेली नसती." तिने पेंढ्यावरून हात फिरवला. "एकटीने होतील तेवढी सोलते. बाकीची गाईला."

तुझी केळी गाईला, फिलू. पावसाळ्यापासून तू प्रत्येक बुंध्याशी उकिडवी बसलेली मला दिसत होतीस.

मी म्हटलं, "तू बोलावू नकोस. तुझ्या आईने बोलावलंय."

"कधी?"

"मंगळवारी. मला, कुडावरून. तेव्हा ती चांगली जिवंत होती आणि घरात दुखवटा नव्हता. बोलावणं झालेलं आहे, मी फक्त निरोप पोचवणार."

मी घरी आले, यादी केली, आणि या वेळी पास्कूला न देता स्वतः निघाले. दारोदार एकच वाक्य: फिलूने उद्या सोलायला बोलावलंय. कोणी पदर डोळ्यांना लावला, कोणी नुसतं बघितलं. कात्रीन आत्या, जी गुडघ्यांमुळे चर्चलाही खाटेवरूनच हात जोडते, तिने विचारलं, "तिने स्वतः सांगितलं?" मी म्हटलं, हो. "मग यायला हवं. तिला नाही म्हटलं तर शब्दाचा अर्थ विचारत बसेल."

सोमवारी पहाटे तुझं अंगण भरलं. आत्याला तर दोघांनी खुर्चीसकट आणलं. मी माझ्या नेहमीच्या पाटावर बसले. समोरचा पाट रिकामा होता, आणि मला सात वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. त्या दिवशी त्या पाटाकडे बघून मी काय बोलले होते, तेही.

तेवढ्यात पास्कू टोपल्या घेऊन आला. मार्था सवयीने म्हणाली, "विसरूकाका, तिकडे ठेवा."

मी म्हटलं, "तो विसरूकाका नाही."

सगळ्यांचे हात थांबले. मग मी सांगितलं. यादी, खुंटी, पालथी बाजू, माझा विनोद, सगळं. मोठ्याने, कारण आत्याला कमी ऐकू येतं. बोलताना मी सोलत होते, म्हणून मान वर करावी लागली नाही.

आधी आत्या बोलली. "म्हणजे सहा वर्षं आम्ही या गरीब माणसाला फुकट हसलो?"

पास्कू म्हणाला, "फुकट नाही. मला सवय झाली. आता कोणी पास्कू म्हटलं तर मी वळणार नाही."

हशा पिकला, तुझ्या अंगणात, पाचव्या दिवशी. मार्था मात्र हसली नाही. तिने विचारलं, "पण आईचं नाव का नव्हतं, मावशी?"

"घरच्यांची नावं मी लिहीत नाही गो. पास्कूचं नव्हतं, माझ्या पोरांची नव्हती. लिहिताना ती आठवावी लागत नाहीत, म्हणून लिहिली जात नाहीत. इतकंच. हे इतकंच मला तिला सांगता आलं नाही."

मार्था उठली, पदर खोचला, आणि तुझ्या पाटावर माझ्यासमोर येऊन बसली. एक केळं उचललं. तुझ्यासारखंच, देठाकडून नाही, उलट्या टोकाकडून.

"हे आईला सांगितलं असतंस तर तिने काय म्हटलं असतं, सांगू?" ती म्हणाली. "म्हणाली असती, मग आता लिही. आणि हात चालव, मावशी. केळं सोलतेस की त्याची वेणी घालतेस?"

निकाल सांगते. मार्था जिंकली, दोन केळ्यांनी. एक मोडलं ते तिने खाल्लं, म्हणजे खरं तर एकाने. ऊन अंगणात उतरलं तेव्हा तुझी सगळी केळी मांडवावर होती, आज त्यांचा तिसरा दिवस, रंग मधासारखा यायला लागलाय. संध्याकाळी दव पडायच्या आत मी आणि मार्था ती गोळा करून टोपलीत झाकतो. आपल्या दोघींची बरोबरी होती, अकरा आणि अकरा. मार्थाचा विजय तुझ्या रकान्यात धरायचा की नवा रकाना आखायचा, यावर मी आणि पास्कू तीन दिवस वाद घालतोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, साल आहे ती, फेकून दे. मी फेकणार नाही. पण तुझ्या कोशाचं मूळ बरोबर होतं, एवढं मान्य. सोमवारी मी त्या पाटाकडे बघून तासभर कोण जिंकतंय हे विसरले होते.

माझी अढी परवा निघते. उद्याच्या बोलावण्याची यादी ही आत्ता इथे लिहितेय. पहिल्या ओळीत नाव घातलं आहे: फिलू. दुसऱ्या ओळीत पास्कू, त्याने आग्रह धरला म्हणून. मग मार्था, मग बाकीची आळी. उद्या मिस्सेनंतर मी आधी कब्रस्तानात येईन, कारण पहिलं घर तुझं, आणि क्रम मोडलेला मला चालत नाही. तिथे उभी राहून म्हणायचंय तेही लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी दुसरंच काही तोंडातून निघणार नाही.

परवा सोलायला ये गो, फिलू. जमलं तर.